परवानगी मागावी कशी व द्यावी कशी?

नागपूर शहरांतून वर्धा मार्गानें दक्षिणेकडे निघालें म्हणजे विमानतळाच्या अंगास मिहान नांवाचा विस्तीर्ण प्रदेश लागतो. विमानतळ, मालवाहतुकीचें केंद्र आणि त्यालगतचें विशेष आर्थिक क्षेत्र अशी ती एकत्र योजना असून तिच्या लांब इंग्रजी नांवांतील अक्षरें जुळवून हा आटोपशीर शब्द बनला आहे. ती चालविण्यासाठीं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ सालीं स्थापन झाली. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगांव, शिवणगांव इत्यादि गांवांच्या शिवारांकडे जेथें पूर्वीं नांगर चालत, तेथें आज संगणकाचीं कार्यालयें, विमानदुरुस्तीचा कारखाना व अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचें रुग्णालय आहे. ह्या आवारांत नोकरी मिळावी म्हणून आसपासचीं तरुण मुलें-मुली सायंकाळीं इंग्रजी शिकावयास बसतात. आणि त्यांना जीं वाक्यें अगदीं आरंभीं पाठ करावीं लागतात, त्यांत एक असतें, ‘मे आय कम इन?’ म्हणजे ‘मी आंत येऊं का?’

परवानगी कशी मागावी व कशी द्यावी हा प्रश्न व्याकरणाच्या वर्गांतला आहे, त्याचा नीतीशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकासहि तसेंच वाटत असे. परंतु कांहीं दिवसांपूर्वीं त्या भागांतील एका घरीं भेटीस गेलों असतां जें ऐकिलें, त्यानें हा विचार पालटला.

घरची नात मुलाखतीची तयारी करीत पडवींत बसली होती. तिनें वहींतून मान वर करून विचारिलें, “पाळकसाहेब, एक गोष्ट मला समजत नाहीं. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ असें कोणी विचारलें आणि मी ‘येस’ म्हटलें, तर मॅडम म्हणतात कीं तूं त्याला हाकलून दिलेंस. बसूं द्यायचें असेल तर ‘नो’ म्हणावें लागतें. हें असें उलटें कां?”

तिला सांगितलें, “ह्यांत उलटें कांहीं नाहीं. त्या वाक्याचा अर्थ, मी येथें बसलों तर तुमची कांहीं हरकत आहे का? हरकत नाहीं, म्हणजे बसा.”

तों खाटेवर बसलेले तिचे आजोबा शांतपणें म्हणाले, “आमाले बी तसंच इचारलं होतं, साहेब. हरकत इचारली. मर्जी नाही इचारली.”

त्यांचें शेत योजनेंत गेलें होतें. बोलण्यांत राग नव्हता. नातीच्या धड्यांत त्यांना आपलीच गोष्ट सांपडली होती, एवढेंच. परंतु ‘हरकत’ आणि ‘मर्जी’ ह्या दोन शब्दांतील जें अंतर त्या वृद्ध गृहस्थांनीं एका वाक्यांत दाखविलें, तें आमच्या मनांतून जाईना. त्याचाच येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम भाषेकडे पाहूं. इंग्रजींत परवानगी मागण्याचीं साधनें थोडकींच आहेत. ‘मे आय’ हें सर्वांत अदबीचें. ‘कॅन आय’ हें रोजच्या वापराचें. ‘कॅन’ ह्या शब्दाचा मूळ रोख सामर्थ्याकडे आहे. म्हणून जुन्या वळणाचे शिक्षक ‘कॅन आय गो?’ असें विचारणाऱ्या मुलास ‘तुला चालतां येतें हें मला ठाऊक आहे, जाण्याची परवानगी हवी असेल तर ‘मे’ म्हण’ असें सुनावीत. आतां तो कडकपणा राहिला नाहीं. ‘कॅन’ सर्वत्र चालतो. तिसरा शब्द ‘कुड’. तो मागतांना ‘कॅन’हून नम्र समजतात; पण मौज अशी कीं तो उत्तरांत चालत नाहीं. ‘कुड आय यूज युवर पेन?’ असें विचारल्यास ‘येस, यू कॅन’ म्हणावें. ‘येस, यू कुड’ म्हणूं नये. कारण ‘कुड’मध्यें जी नम्रता आहे ती अनिश्चिततेची आहे. मागणारा आपली इच्छा थोडी आखडून धरितो व ‘जमत असलें तर’ असें सुचवितो. देणाऱ्यानें मात्र तशी अनिश्चितता ठेवावयाची नसते. ह्या लहानशा नियमांत मोठें शहाणपण आहे. मागतांना नकारास जागा ठेवावी. देतांना होकारांत शंका ठेवूं नये.

उत्तराविषयीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ‘येस, यू मे’ हें व्याकरणानें शुद्ध असलें तरी तें उंच आसनावरून बोलल्यासारखें वाटतें. म्हणून सभ्य मनुष्य बहुधा ‘ऑफ कोर्स’, ‘प्लीज डू’, ‘गो अहेड’ असें म्हणून मोकळा होतो. म्हणजे आपण अधिकारी आहों ही आठवण तो समोरच्यास देत नाहीं. नकार द्यावयाचा असेल तर ‘आय ॲम अफ्रेड नॉट’ असें म्हणून लगेच कारण सांगतात. भ्यालेला कोणीच नसतो. पण दुसऱ्यास निराश करणें आपल्यास जड जातें, एवढें त्यांतून कळतें.

सी. के. ऑग्डेन नांवाच्या इंग्रज विद्वानानें १९३० सालीं ‘बेसिक इंग्लिश’ ह्या नांवाची अवघ्या ८५० शब्दांची सोपी इंग्रजी प्रसिद्ध केली. परक्या लोकांस थोडक्या श्रमांत कामापुरती भाषा यावी हा तिचा हेतु. त्या यादींत क्रियापदें केवळ १८ होतीं. ‘कॅन’ला तेथें जागा मिळाली नाहीं, पण परवानगी मागणाऱ्या ‘मे’ला मिळाली, परवानगी देणाऱ्या ‘लेट’लाहि मिळाली. शब्दांच्या पहिल्या शंभराच्या गटाचा शेवट ‘प्लीज’ व ‘येस’ ह्या जोडीनें होतो. आणि ‘नो’ हा शब्दहि त्याच गटांत आहे. म्हणजे इतक्या काटकसरीनें भाषेचा संसार मांडावयाचा ठरला तरी विनंति, होकार व नकार ह्या तिहींवांचून त्या विद्वानाचें चाललें नाहीं.

मराठींत ‘प्लीज’ला शब्द नाहीं, म्हणून आपण लोक स्वभावतःच दांडगे, असें कित्येक शिकलेले म्हणतात. हें बरोबर नाहीं. आपली विनवणी वेगळ्या शब्दांत न राहतां क्रियापदाच्या रूपांत राहते. ‘येऊं का?’, ‘बसूं का?’, ‘जरा सरकतां का?’, ‘बोलूं द्याल का?’ ह्यांत ती भरलेली आहे. खेड्यांत दाराला घंटी नसते. पण मनुष्य अंगणांत थांबून खाकरतो, ‘अहो, आहे का कोणी घरांत?’ असा आवाज देतो, आणि आंतील बायामाणसांनीं सावरून घेईपर्यंत उंबरठा ओलांडीत नाहीं. उठतांना ‘जातों’ न म्हणतां ‘येऊं का मग?’ म्हणतो, घरधनी ‘या’ म्हणतो, तेव्हां निघतो. ही परवानगीच होय. ‘रजा’ हा शब्द पाहा. तो अरबींतून आपल्याकडे आला. मूळचा अर्थ संतोष, संमति. आज आपण कचेरींतल्या सुटीस रजा म्हणतों. इंग्रजीं तिला ‘लीव्ह’ म्हणतात, आणि ‘लीव्ह’चाहि जुना अर्थ परवानगी असाच आहे. दोन्ही भाषांतील लोकांना पूर्वीं हें कळत होतें कीं दुसऱ्याच्या संतोषानें जें मिळतें तीच खरी मोकळीक.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. सभ्यपणाचे शब्द म्हणजेच सभ्यपणा काय? एक पक्ष असा आहे कीं हे शब्द म्हणजे केवळ रंगरंगोटी. मन स्वच्छ असलें म्हणजे झालें, ‘मे’ काय आणि ‘कॅन’ काय. ह्या म्हणण्यांत थोडें सत्य आहे. पण मन स्वच्छ आहे हें दुसऱ्यास कळावें कसें? भुकेलेल्यास अन्न द्यावें असें नुसतें मनांत असून त्याचें पोट भरत नाहीं. त्याचप्रमाणें दुसऱ्याचा मान नुसता मनांत ठेवून त्याला तो पोहोंचत नाहीं. शब्द हें मानाचें भांडें आहे. भांडें म्हणजे अन्न नव्हे हें खरें. पण भांड्यावांचून वाढतां येत नाहीं हेंहि तितकेंच खरें.

दुसरा पक्ष ह्याच्या उलट. त्याला शब्द साधले कीं सर्व साधलें असें वाटतें. आमच्या मतें ह्याच पक्षाचा धोका मोठा आहे, व त्यांत आम्ही सर्वच थोडेफार सांपडतों. ज्याला ‘नाहीं’ म्हणण्याची सोय नाहीं, त्याला कितीहि गोड शब्दांत विचारिलें तरी तें विचारणें नव्हे. विचारणें खरें कीं खोटें ह्याची कसोटी आवाजाच्या मऊपणांत नाहीं. नकार आला असतां आपण काय करणार होतों, ह्यांत आहे.

ह्याचें उदाहरण दुसऱ्याचें कशास द्यावें? प्रस्तुत लेखकाच्याच हातून हा दोष घडला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं उपासनेच्या शेवटीं आम्हीं जाहीर केलें कीं पुढील गुरुवारची प्रार्थनासभा अमक्या बाईंच्या घरीं होईल. नंतर बाहेर येऊन त्या बाईंस अत्यंत अदबीनें विचारिलें, “बाई, तुमच्याकडे सभा घेऊं ना? अडचण तर नाहीं?” त्या विधवा, मोलमजुरी करणाऱ्या. त्या म्हणाल्या, “अडचण कसली?” सभा चांगली झाली. चाळीस माणसांना चहा मिळाला. पुढें पुष्कळ दिवसांनीं कळलें कीं साखर, दूध व कपबश्या त्यांनीं तीन घरांतून उसन्या आणिल्या होत्या, आणि ती परतफेड करण्यांत त्यांचा महिना गेला. आमचे शब्द निर्दोष होते. दोष क्रमांत होता. सर्व मंडळीसमोर जाहीर करून झाल्यावर विचारणें म्हणजे दार लावून घेऊन ‘बाहेर जातां का?’ असें विचारण्यासारखें आहे. त्या बाईंनीं आम्हांस दोष दिला नाहीं. म्हणूनच तो अधिक लागला.

आतां त्या आजोबांच्या वाक्याकडे वळूं. मिहानसाठीं पुष्कळशी जमीन ज्या वर्षांत घेतली गेली, त्या वर्षांत देशांत १८९४ चा भूमिसंपादन कायदा चालू होता. त्यांत १९२३ सालीं एक कलम घालण्यांत आलें. त्यानें जमीनधारकास नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांत आपली हरकत मांडण्याची सोय मिळाली. ती ऐकून घेतली जाई. पण निर्णय सरकारचा. धारकाची संमति पाहिजे अशी अट त्यांत नव्हती. पुढें २०१३ सालीं नवा कायदा झाला व १ जानेवारी २०१४ पासून तो अमलांत आला. त्याप्रमाणें खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकीं ८० टक्के, आणि सरकार व खासगी कंपनी ह्यांच्या भागीदारीच्या कामासाठीं ७० टक्के कुटुंबांची संमति आधीं घ्यावी लागते. सरकारच्या स्वतःच्या सार्वजनिक कामास मात्र ही अट नाहीं. ‘तुमची हरकत आहे का?’ ह्या प्रश्नापासून ‘तुमची संमति आहे का?’ ह्या प्रश्नापर्यंत येण्यास, आणि तेंहि कांहीं कामांपुरतें, कायद्याला सुमारें ९० वर्षें लागलीं.

ह्यावरून कोणी असा अर्थ घेऊं नये कीं सार्वजनिक कामासाठीं जमीन कधींच घेऊं नये. रुग्णालय हवें, रस्ता हवा, मुलांना काम हवें. ते आजोबा आपल्या गुडघ्यांच्या दुखण्यासाठीं त्याच नव्या रुग्णालयांत जातात, आणि तेथील डॉक्टरांविषयीं चांगलें बोलतात. एका माणसाच्या नकारानें हजारोंचें पाणी अडावें असेंहि कोणी म्हणणार नाहीं. पण जेथें सक्ति करणें भाग आहे, तेथें सक्तीला विनंतीचा पोशाख घालूं नये. ‘आम्ही हें घेणार आहों, कारण हें, मोबदला हा, तुमचें बोलणें ऐकण्यास आम्ही बसलों आहों,’ असें सरळ सांगणें हें खोट्या विचारण्याहून अधिक आदराचें आहे. मनुष्य नुकसान सोसतो. पण आपल्याला विचारल्याचें सोंग झालें हें तो विसरत नाहीं.

शास्त्रांत नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आहे, ती ह्या दृष्टीनें पुन्हां वाचावी. अहाब राजानें आरंभीं दांडगाई केली नाहीं. त्यानें मळा मागितला, त्याच्या बदलीं ह्याहून चांगला मळा देऊं केला, किंवा रोख किंमत देऊं केली. एवढ्यावर गोष्ट थांबती तर अहाब हा सभ्य राजा ठरला असता. नाबोथ ‘नाहीं’ म्हणाला, आणि तेथून राजाचें खरें मन दिसूं लागलें. तो तोंड फिरवून निजला, जेवेना; मग ईजबेलेनें खोटे साक्षीदार उभे केले, व नाबोथाचा जीव गेला.

ह्याच्या शेजारीं पौलाचें फिलेमोनास लिहिलेलें लहानसें पत्र ठेवून पाहावें. अनेसिम हा पळून आलेला दास पौलाजवळ होता व त्याला उपयोगी पडत होता. पौल वडील होता, फिलेमोनावर त्याचा अधिकार चालला असता, आणि दूरच्या बंदिवानास जाब विचारावयास कोणी येत नव्हतें. तरी त्यानें अनेसिमास ठेवून घेतलें नाहीं. फिलेमोनाच्या संमतीशिवाय कांहीं करावयाचें नाहीं, चांगुलपणा करावयाचा तर तो आपखुशीनें व्हावा, असें त्यानें लिहिलें. ह्यांतील मर्म हें कीं दुसऱ्याकडून जबरीनें घेतलेली चांगली गोष्टहि त्याची चांगली गोष्ट राहत नाहीं. विचारल्यानें आपण त्याला केवळ मान देत नाहीं. चांगलें करण्याची संधि देतों.

मागण्याविषयीं इतकें पुरे. देण्याविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण आपण सर्व कोठेंना कोठें देणारे असतों. सासू सुनेला, बाप मुलाला, शिक्षक विद्यार्थ्याला, पाळक मंडळीला. परवानगी द्यावयाची तर लवकर द्यावी. माहेरीं जाण्यास निघालेल्या सुनेला चार दिवस ‘बघूं’ म्हणून ताटकळत ठेवणें आणि मग हो म्हणणें, ह्यांत हो पेक्षां चार दिवसच तिच्या लक्षांत राहतात. दिलेली परवानगी कर्जासारखी वहींत मांडूं नये. ‘त्या वेळीं मीं जाऊं दिलें होतें’ हें वाक्य ज्या घरांत वारंवार ऐकूं येतें, त्या घरांत कोणी मोकळेपणानें मागत नाहीं. नकार द्यावयाचा तर कारणासह द्यावा, आणि मागणाराची लाज काढूं नये.

आणि सर्वांत कठीण गोष्ट ही कीं जें आपलें नाहीं त्याची परवानगी देऊं नये. ‘यू मे’ म्हणण्याचा हक्क त्या वस्तूच्या धन्याचा असतो. आपलें घर, आपली वही, आपला वेळ ह्यांची परवानगी आपण द्यावी. परंतु ‘आम्हीं मुलीला नोकरी करण्याची परवानगी दिली’ असें वडीलधारीं माणसें मोठ्या कौतुकानें सांगतात, तेव्हां क्षणभर थांबून विचारावें, हें देण्याइतकें आपलें होतें काय? सज्ञान मुलीचें शिक्षण, तिचे कष्ट, तिचें आयुष्य देवानें तिच्या हातीं दिलें आहे. वडिलांनीं तिला सल्ला द्यावा, काळजी सांगावी, सोबत करावी. हें सर्व प्रेमाचें आहे. मालकी निराळी.

त्या पडवींतील प्रसंगाचा शेवट सांगून लेख पुरा करितों. मुलगी वही मिटून उठली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिची मुलाखत होती. ज्या आवारांत तिला जावयाचें होतें तेथें फाटकावर ओळख पटविल्याशिवाय कोणास आंत सोडीत नाहींत, आणि त्याच शिवारांत तिच्या आजोबांनीं चाळीस वर्षें कोणास न विचारतां बैल नेले होते. तिनें आजोबांजवळ जाऊन विचारिलें, “आबाजी, उद्या मुलाखतीला जाऊ ना मी?”

आजोबांनीं थोडा विचार केला. मग म्हणाले, “मी नाही म्हनलं तं घरी राहशीन का?”

ती हंसली, पण खोटें बोलली नाहीं. म्हणाली, “नाही, आबाजी.”

“मंग इचारू नोको. सांगून जा. आन आल्यावर काय काय झालं ते मले सांगजो.”

वाचकहो, ह्याहून चांगला धडा आम्हांस कोणत्या पुस्तकांत सांपडला नाहीं. पुढच्या वेळीं कोणास कांहीं विचारण्याचा प्रसंग आला, तर तोंड उघडण्यापूर्वीं मनाशीं एवढेंच म्हणावें: हा ‘नाहीं’ म्हणाला तर मी थांबेन काय? थांबणार असूं तर विचारावें, आणि ज्या भाषेंत विचारूं त्या भाषेचे उत्तम शब्द योजावे. थांबणार नसूं तर सरळ सांगावें, व त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. आम्हीं त्या विधवा बाईंच्या घरीं पुन्हां एकदां गेलों. ह्या वेळीं आधीं विचारिलें, कोणी ऐकत नसतांना विचारिलें, आणि ‘सोयीचें नसेल तर तसें सांगा’ असेंहि म्हटलें. त्या म्हणाल्या, “ह्या महिन्यांत नको, साहेब.” सभा दुसरीकडे झाली. पुढच्या महिन्यांत त्यांनीं आपण होऊन निरोप पाठविला.